चारशे सतराची प्लेट

प्लेटच्या कडेला चिकटवलेला आकडा तिने वाचला आणि प्लेट पटकन पालथी ठेवली. हातातलं पान दुसऱ्याने बघू नये म्हणून पत्त्यांच्या डावात ठेवतात तशी. खरं तर खोलीत बघायला कोणी नव्हतंच. प्रकाशाची पेटी मंद घुमत होती, समोरच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या उन्हात टाकल्या होत्या, आणि तिच्या डाव्या हातात मोजणीचं छोटं यंत्र होतं, अंगठ्याने दाबलं की टिक् करून एक आकडा पुढे सरकणारं. अंगठा आपोआप दाबला गेला. टिक्. काहीच न मोजता एक. तिने यंत्र पुन्हा शून्यावर आणलं, आणि ते करताना नखाखाली घाम आलेला तिला जाणवला. नखाखाली घाम येतो हे तिला आजवर माहीत नव्हतं.

गेली चार वर्षं तिचं काम एवढंच होतं, भोकं मोजणं. वरच्या मजल्यावर दोन दारांआड हवाबंद खोली होती, तिथे अंगभर पांढरे डगले घातलेली माणसं आधी दुसऱ्या साथींचा आणि हल्ली करोनाचा जिवंत विषाणू हाताळत. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातला निवळ भाग घ्यायचा, त्यात विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण प्लेटच्या खळग्यांत वाढवलेल्या पेशींवर सोडायचं. काही दिवसांनी सगळं मारून, जांभळ्या रंगात बुडवून, धुऊन प्लेट खाली तिच्याकडे यायची. जगलेल्या पेशी रंग धरून ठेवत, मेलेल्या जागी भोक दिसे. रक्तात लढणारं काही असेल तर खळगा जांभळ्या मखमलीसारखा अखंड, नसेल तर कसर लागलेल्या स्वेटरसारखा. पेशी वाढवण्याचं काम करणाऱ्या सहकारिणीला सगळे माळीणबाई म्हणत. ती म्हणायची, "मी लावायचं, वरच्यांनी जाळायचं आणि तू बसून पंचनामा लिहायचा. बरी वाटणी आहे." पंचनामा लिहिणाऱ्याला मेलेला माणूस कोण हे ठाऊक नसावं, यावर सगळी चाचणी उभी होती. नमुन्याला फक्त आकडा. नाव नाही, वय नाही, लशीत काय होतं तेही नाही. आणि ही चाचणी तर ज्यांना साधी लस लागू पडत नाही अशांसाठी होती. ज्यांच्या शरीरात दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलंय, अशा लोकांसाठी. निम्म्यांना साधी लस, निम्म्यांना तीच लस, पण तिला जोर देणारं एक नवं द्रव्य घालून.

"ताई, लिहून घे, चारशे सतरा," असं धाकटा भाऊ तीन महिन्यांपूर्वी फोनवर म्हणाला होता. काय लिहून घेऊ, असं तिने विचारलं. "माझा नंबर. चाचणीत घेतलं मला. तुमचीच लस. तुझ्या प्लेटींना सांगून ठेव, घरचा माणूस आहे, जरा सांभाळून घ्या." ती हसली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी सही केलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की नात्यातलं कोणी चाचणीत असेल तर ताबडतोब सांगावं. सांगितलं असतं तर प्रयोगशाळेच्या सरांनी तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं असतं, आणि तिला उठायचं नव्हतं. का, ते तिला धड सांगता आलं नसतं. मुलगा परीक्षेला बसला की आई शाळेच्या फाटकाशी उभी राहते. तिच्या उभं राहण्याने त्याचं गणित सुटत नाही, पण तिला घरी जाववत नाही. शेकडो प्लेटी येतात, आकडा विसरून जाईन, असं तिने स्वतःला बजावलं होतं. पण विसरायचं म्हणून ठरवलेला आकडा दगडावरच्या रेघेसारखा पक्का बसतो. नव्वद दिवस ती रोज सकाळी प्लेटींची चळत उचलताना आधी कडा बघत होती, आणि तो नाही असं दिसलं की तिच्या जिवात जीव यायचा.

आज तो होता. तिने प्लेट सुलटी केली आणि पेटीवर ठेवली. पहिल्या खळग्यात रक्ताचा अंश सगळ्यात दाट असतो, पुढे निम्मा निम्मा पातळ होत जातो. अगदी थोडी ताकद असली तरी पहिला खळगा तरी टिकतोच. पहिला खळगा चाळणी झाला होता. टिक् टिक् टिक्. एक्केचाळीस. दुसरा एकोणचाळीस, तिसरा बेचाळीस. शेवटच्या ओळीत मुद्दामच कोणाचं रक्त घालत नाहीत, तिथे नुसता विषाणू मोकळा सोडतात, तुलना करायला. तिथे एक्केचाळीस. म्हणजे भावाचं रक्त घातलं काय आणि न घातलं काय, सारखंच. तिने पुन्हा मोजलं. मग डोळा बदलून मोजलं, मग उजवीकडून डावीकडे मोजलं, जणू त्या बाजूने गेलं तर भोकं कमी भरतील. तिच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली जिथे वीतभर आडवा व्रण होता, तिथे आतून गार पडत चाललं होतं.

सहा वर्षं झाली होती त्या व्रणाला. भावाने तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. मागितलं होतं आईने, तेही तोंडाने नाही. आई ओट्याशी पाठमोरी भांडी विसळत होती आणि नळ चालू ठेवूनच म्हणाली, "तुझं जुळतंय म्हणाले डॉक्टर." ती "बरं" म्हणाली. पाण्याच्या आवाजात ते आईला ऐकू गेलं नाही म्हणून तिला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं. पुढे नात्यागोत्यात सगळे म्हणत राहिले, बहीण असावी तर अशी, आणि ती मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटे. खरं तर ऑपरेशनच्या दिवशी तिचे दात वाजत होते. चाकांच्या पलंगावरून नेताना तिने ठरवलं होतं की शेवटच्या दारापाशी सांगायचं, मला नाही जमणार. दार आलं. तिने नर्सचा हात धरला आणि "मला…" एवढंच म्हणाली. नर्सला वाटलं थंडी वाजतेय. तिने आणखी एक पांघरूण आणून घातलं, कडा पायाखाली नीट खोचल्या, आणि पलंग आत गेला. मग आई गेली, भाऊ बरा झाला, त्याचं लग्न झालं, आणि "मला" च्या पुढचं वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं. शरीर परकं काही ठेवून घेत नाही. म्हणून तो सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायचा, शरीराच्या पहारेकऱ्यांना पेंगत ठेवणाऱ्या. ते पेंगत होते म्हणून तिचं मूत्रपिंड त्याच्या पोटात नांदत होतं. आणि ते पेंगत होते म्हणूनच, दोनदा लस टोचूनही, आत कोणी उठलं नव्हतं. मी त्याला काय दिलं, हा विचार तिच्या मनात आला, आणि ती खुर्चीवरून उठून उभीच राहिली, जणू तो विचार खुर्चीत बसला होता.

बारा वाजता फोन आला. भाऊच. त्याचं चष्म्याचं दुकान दीड वर्ष बंद होतं, उद्या तो ते उघडणार होता. "दहाला ये. नाही, पावणेदहाला ये, दार तू उघडायचं. तुझ्याशिवाय उघडायचं नाही असं ठरलंय." मास्क लावणार ना, असं तिने विचारलं. आपला आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "दोन डोस झालेत, ताई. दीड वर्षात माणसाचं तोंड जवळून पाहिलं नाही मी. आणि चष्मेवाल्याने डोळे तपासायचे कसे, रस्त्यापलीकडून दुर्बीण लावून?" तो हसला, आणि हसता हसता खोकला. एकदाच. ठसका असेल, पाणी पिताना बोलत असेल, किंवा नुसतंच. फोन ठेवल्यावरही तो खोकला तिच्या कानात राहिला. रुग्णालयात भावाच्या शेजारच्या खाटेवर एक सुतार होता, दोघांची ऑपरेशनं एकाच आठवड्यातली. हातावर लाकडाचा भुसा असल्यासारखा तो सारखे तळहात झटकायचा. गेल्या वर्षी त्याला करोना झाला. अकराव्या दिवशी तो गेला. त्याच्या बायकोने भावाला फोन केला होता आणि विचारलं होतं, तुम्ही बरे आहात ना. फक्त एवढंच विचारायला.

जेवणाच्या सुट्टीत तिने माळीणबाईला अंदाज घेत विचारलं, की एखाद्याची प्लेट अगदीच चाळणी आली, तर त्याला कळवतात का. "सहा महिन्यांनी, चाचणी संपून कोणाला कुठली लस त्याचे लिफाफे उघडले की," माळीणबाई डब्याचं झाकण पिळत म्हणाली. "आधी कळवलं की तो घरात बसणार. मग लागण झाली नाही ती लशीमुळे की घरात बसल्यामुळे, कोण सांगणार? एकाला सांगितलं की दुसऱ्याने काय घोडं मारलंय? सगळंच नासतं बाई." मग माळीणबाईने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुझा चेहरा का असा पांढराफटक पडलाय?" ऊन लागलं असेल, ती म्हणाली. सकाळपासून ती घरात, म्हणजे छपराखालीच होती, पण माळीणबाईने ते मनावर घेतलं नाही. माळीणबाई चूक बोलत नव्हती, हेच भयंकर होतं. चारशेच्या वर माणसं, सगळी सुतारासारखी, भावासारखी, दार उघडं टाकून झोपलेली. कुठल्या लशीने कडी लागते हे त्यांना कळायचं असेल तर तिने तोंड बंद ठेवणं भाग होतं. तिने टेबलाशी येऊन आकडे लिहिले. एक्केचाळीस, एकोणचाळीस, बेचाळीस. पेन क्षणभर अडलं, आणि मग तिने ते खरे होते तसेच लिहिले. सरांच्या दाराशी जाऊन उभी राहिली, दाराच्या काचेतून त्यांचं टक्कल आणि वाकलेली मान दिसत होती. तिने हात वर केला, पण दार वाजवलं नाही. परत आली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

बसमध्ये तिला नुसती तोंडं दिसत होती. डोळे, कपाळ, केस असलेली माणसं कुठे गेली कोण जाणे, उरली होती ती तोंडं. बोलणारी, जांभई देणारी, शेंगदाणे चघळणारी, फोनवर "हॅलो, हॅलो" म्हणून ओरडणारी. पुढच्या बाकावरचा माणूस शिंकला आणि खिडकीतून आलेल्या उन्हात ते तुषार तिने पाहिले, सोनेरी, सावकाश खाली बसणारे. उद्या दहा वाजल्यापासून ही सगळी तोंडं एकामागून एक भावाच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर येऊन बसणार. ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत निघाली. आणि चालता चालता तिच्या मनात आलं की आपणही एक तोंडच आहोत. मोजणीच्या खोलीत येतं ते सगळं मेलेलं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने वाटेतल्या दुकानातून मास्क घेतला आणि एकावर एक दोन लावले.

दुकान धुऊन पुसून लखलखत होतं. भाऊ शिडीवर उभा राहून अक्षरांचा तक्ता सरळ करत होता. तिला पाहून तो खाली उतरला. "उद्याचं आमंत्रण होतं, आजच आलीस? आणि हे काय, दरोडा घालायला निघालीस का?" तिने काही म्हणायच्या आत त्याने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "बस. पहिलं गिऱ्हाईक तू. चार वर्षं भोकं मोजतेस, डोळे कामातून गेले असतील." त्याने तिच्या नाकावर ते जड, गोल, तपासणीचं यंत्र ठेवलं आणि काचा बदलू लागला. तो वाकला. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता, कोमट, साबणाचा वास असलेला. तिने स्वतःचा श्वास रोखून धरला. "हे स्पष्ट की हे?" काच बदलली. "हे की हे?" समोरची अक्षरं पोहत होती. "ताई, सांग की. परीक्षा नाहीये." हे की हे. तिच्या कानात दडे बसले, छातीत दुखू लागलं, आणि शेवटी श्वास सुटला तो हुंदक्यासारखा. काचांच्या आत पाणी साचलं. त्याने घाईघाईने यंत्र काढलं.

"तुझ्या रक्तात काही नाही," ती म्हणाली. त्याला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, तुटक, शब्द मागेपुढे करत. प्लेट, पहिला खळगा, एक्केचाळीस. लस लागली नाही. तुला सांगायची मला परवानगी नाही. तुझा आकडा माहीत असायचीही परवानगी नव्हती. तो ऐकत राहिला. आधी त्याने यंत्र नीट त्याच्या खोक्यात ठेवलं, मखमलीच्या खाचेत दोन्ही बाजू बसल्यात की नाही ते दाबून पाहिलं. मग दाराकडे गेला आणि दार उघडं होतं ते लावलं. मग काय करावं हे न सुचून पुन्हा उघडलं. "म्हणजे दोन महिने मी असाच हिंडतोय," तो म्हणाला. "बाजारात गेलो. सासऱ्यांच्या साठीला गेलो, सगळ्यांच्या गळ्यात पडलो. वाटलं होतं चिलखत घातलंय. आणि अंगात सदरासुद्धा नाही." तो हसायला गेला, पण त्याचं तोंड मध्येच थांबलं, आणि सातवी-आठवीत असताना तापात जसा दिसायचा तसा तो दिसला. "तुला कामावरून काढतील?" "माहीत नाही." "मग का सांगितलंस?" तिने मास्क नाकावर वर ओढला. तो तिच्यापासून चार हात लांब, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला.

"मला एक माहीत आहे," तो म्हणाला. त्याची नजर फरशीवर होती. "त्या दिवशी तुझा पलंग माझ्या पुढे होता. दारापाशी तू नर्सचा हात धरलास ना, ते मी पाहिलं. मला कळलं होतं तू काय म्हणणार होतीस. मी ओरडू शकलो असतो. थांबवा म्हणालो असतो तर थांबवलं असतं त्यांनी. पण मला वाटलं, ही नाही म्हणाली तर मी मेलो. म्हणून डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग केलं." बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. "सहा वर्षं तुझ्याकडे काही मागायची मला छाती झाली नाही, ती त्यामुळे." तिला वाटलं होतं की हे कोणी कधी म्हणालं तर आपल्याला राग येईल किंवा हलकं वाटेल. यातलं काहीच झालं नाही. फक्त भीती, इतकी वर्षं एकटीच होती ती, आता दोघांत वाटली गेल्यासारखी झाली. कमी झाली नाही, पण तिला धरायला चार हात झाले. दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. भावाने दारावर चिठ्ठी लावली, काही कारणाने पुढे ढकललं आहे. त्याचं अक्षर नेहमी सुरेख असायचं, त्या चिठ्ठीत ते डावीकडे कललं होतं.

सोमवारी तिने सरांचं दार वाजवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, "आकडा बदललात?" "नाही." "बदलावासा वाटला?" ती म्हणाली, पेन अडलं होतं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांखाली तिने कधी न पाहिलेली काळी वर्तुळं होती. "तुम्ही काय केलंत ते कळतंय ना? चारशे माणसांनी आपला दंड पुढे केला तो आपण डोळे मिटून मोजू या भरवशावर." कळतंय, ती म्हणाली. "माझ्या भावाचं असतं तर मी काय केलं असतं, ते मला विचारू नका. लिहून द्या सगळं." तिने लिहून दिलं. मोजणीचं टेबल गेलं, तिला तळमजल्यावर काचसामानाच्या कोठारात बसवलं. प्लेट दुसऱ्या कोणी मोजली, आकडे एका-दोनाने इकडेतिकडे, पण चाळणी ती चाळणीच. भावाला चाचणीतून वगळलं, त्याचा लिफाफा फोडला, आणि त्यात निघालं की त्याच्या वाट्याला साधीच लस आली होती, जोर देणारं द्रव्य नसलेली. आता हवं असेल तर ती दुसरी लस घेता येईल, रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण एक गोष्ट समजून घ्या. ते द्रव्य पहारेकऱ्यांना हलवून उठवतं. उठल्यावर ते विषाणूलाच धरतील अशी आशा आहे. मूत्रपिंडाला धरलं असं अजून कोणाचं झालेलं नाही. पण होणारच नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही.

त्या दोघांच्या मध्ये रुग्णालयाच्या व्हरांड्यातला एक बाक होता, भाऊ या टोकाला आणि ती त्या टोकाला. त्याच्या हातात डॉक्टरीणबाईंनी दिलेला संमतीचा कागद होता आणि पेनाचं टोपण त्याने दातात धरलं होतं. "घेऊ का?" असं त्याने विचारलं. तू ठरव, ती सवयीने म्हणाली. "तसं नाही. ते तुझं आहे. गेलं तर तुझंच जाईल. या वेळी मी विचारतोय, आणि नळ बंद आहे." नळाची गोष्ट तिने कधीतरी त्याला सांगितली असावी, किंवा आईने. तिने समोर पाहिलं. भिंतीवर हात कसे धुवावेत याची सहा चित्रं होती. नाही म्हणता येत होतं. खरोखरच येत होतं. त्याचा चेहरा नाही ऐकायला तयार होता, तो डोळे उघडे ठेवून बसला होता. "मला भीती वाटते," ती म्हणाली. मग ती तिथे थांबली नाही. "त्या दिवशीही वाटत होती. मला यायचं नव्हतं आत. आता दोन्हीची वाटते, तू घेतलीस तर आणि नाही घेतलीस तर. पण सुताराची जास्त वाटते." तिने घसा साफ केला. "घे."

त्याने सही केली. आत जाऊन दंडाला कापूस दाबत तो बाहेर आला आणि बाकावर बसला, या वेळी जरा अलीकडे. अर्धा तास इथेच थांबायचं, नर्स म्हणाली, काही झालं तर हाक मारा. दहा मिनिटांनी त्याने विचारलं, पोटात काही जाणवायला हवं का? वेड्या, ती म्हणाली, ते दंडात दुखतं. तरी त्याने उजव्या हाताचा तळवा ओटीपोटावर, तिचं जे होतं त्या बाजूला, हलकेच ठेवून दिला. पोरगं झोपलंय का ते बघताना ठेवतात तसा. समोरच्या दारातून माणसं येत होती, बाह्या वर करत, बाह्या खाली करत, त्यांच्या हातांत कागद होते. नर्सने बाहेर डोकावून घड्याळाकडे पाहिलं. "झाला अर्धा तास. काही त्रास नाही ना? मग जा आता खुशाल घरी."

"अजून पाच मिनिटं बसतो आम्ही," भाऊ म्हणाला.